स्क्विडमधी सेशन टाइमआऊट: लॉगवरून का हेल्परवरून?

आमच्या यवतमाळकडच्या कॉलेजात लायब्ररीतल्या पीसींसाठी स्क्विड (सगळ्यांचं नेट ज्यातून जाते तो प्रॉक्सी सर्व्हर) लावलाय, पोट्टे स्कॉलरशिपचे फॉर्म भरतात अन् लॉगिन तसंच सोडून बस पकडायला पळतात, म्हणून टाइमआऊट, म्हणजे काही वेळ कोणी काही केलं नाही का सेशन आपोआप बंद, पाहिजेच.

आधी मी लॉगवालं केलं, क्रॉनमधी (ठरल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवणारं) दर 5 मिनिटांनी access.log (स्क्विडची रिक्वेस्टची नोंदवही) वाचायचा, ज्याची शेवटची ओळ 30 मिनिटं जुनी त्याचा आयपी बंद. पण बावा, स्क्विड ओळ लिहिते ती रिक्वेस्ट संपल्यावर! एचटीटीपीएसचं टनेल (सुरक्षित साइटशी चालू असलेलं कनेक्शन) उघडं असेतोवर लॉगात काहीच येत नाही, त्यामुळं एक पोरगी फॉर्म भरत असताना स्क्रिप्टनं तिलाच कापलं, रडकुंडीला आली बिचारी. मला लई वाईट वाटलं.

मग ext_session_acl हेल्पर (स्क्विडसोबत चालणारा, सेशन तपासणारा छोटा प्रोग्राम) पाहिला. हा रिक्वेस्ट आली तेव्हाच तपासते, -t दिलं का आयडल टाइम (काही न करता गेलेला वेळ), नाही दिलं तर 3600 सेकंद, -T दिलं का ठराविक वेळ, मग काम चालू असो का नसो. मुदत संपली तरी चालू टनेल तुटत नाही, पुढच्या नव्या रिक्वेस्टलाच अडवते. फक्त -b देऊन डेटाबेस ठेवा, नाहीतर लाइट गेली का सगळे सेशन साफ, अन् आमच्याकडं लाइट जातेच.

मी हेल्परच ठेवलाय. लॉग आता फक्त कोण कधी बसलं होतं ते पाहायला.