कॉबलर: वर बिस्किटाचे गोळे की खाली बॅटर?

ब्लूबेरी-ब्लॅकबेरीचा कॉबलर, म्हणजे फळं आणि पीठ एकत्र ओव्हनमध्ये भाजून केलेला गोड पदार्थ, करायचा तर अमेरिकेत दोन पद्धती चालतात आणि माझं मत आधीच सांगते, बेरीसोबत लिंबू-संत्रं घालणार असाल तर बिस्किटवालीच करा (तिथलं बिस्किट म्हणजे आपलं कुरकुरीत नव्हे, मऊ पावासारखं).

त्यात फळं खाली, त्यात साखर, कॉर्नफ्लोअर, लिंबाचा रस आणि किसलेली साल, आणि वर ताकातल्या मऊ पिठाचे चमच्याने टाकलेले गोळे. रस खाली उकळतो, वरचा भाग खरपूस होतो, आंबटपणा वेगळा कळतो. सालीचा फक्त रंगीत भागच किसा हं, पांढरा कडू लागतो, आणि साल आधी साखरेत बोटांनी चोळून घेतली की तिचं तेल साखरेत उतरतं, वास अप्रतिम येतो. १९० डिग्रीला साधारण ४० मिनिटं, पण घड्याळापेक्षा रसाकडे बघा, मधोमध बुडबुडे आल्याशिवाय कॉर्नफ्लोअर नीट घट्ट होत नाही.

दुसरी, बॅटरची पद्धत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, बेकिंग पावडर, हे सगळं वितळलेल्या बटरवर ओतायचं, वरून फळं टाकायची आणि अजिबात ढवळायचं नाही, बॅटर आपोआप फुगून वर येतं. पाच मिनिटांत ओव्हनमध्ये जातं, नवख्यांना हीच सोपी. पण केकसारखं मऊ होतं, गोडही जास्त, त्यात लिंबू दबून जातं. पीचला मस्त, बेरीला मला तरी नाही आवडत. फ्रोझन बेरी असतील तर बॅटर ओलं राहायची भीती, तिथेही बिस्किटच बरं, फक्त कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवा.