सात फाशांचा सेट: फासे झकास, आतला कागद रद्दी

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) साठी फासे हवे होते, आधी गावातच शोधलं. नवी पेठेत दोन दुकानांत वीस बाजूंचा फासा आहे का विचारलं, तर एकाने ल्युडोचा डबा पुढं केला आणि दुसरा म्हणाला, "वीस बाजू? मग तो चेंडूच की ओ." शेवटी ऑनलाइन मागवला, ३८० रुपये, पाचव्या दिवशी घरी.

फाशांना नाव ठेवायला जागा नाही. जांभळे, सोनेरी आकडे, डी२० च्या, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या, समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते का तेही बघितलं, येते. डी१२ वर ६ आणि ९ खालची टिंबं जरा पुसट आहेत, रात्री गच्चीवर भांडण होतं, पण चालतंय.

बोंब आहे ती आतल्या कागदाची. फाशांची शॉर्टहँड कशी वाचायची ते त्यात दिलंय, आणि चक्क लिहिलंय की २डी६ म्हणजे फासा गुणिले दोन! आमचा मामेभाऊ पहिल्यांदाच खेळायला बसलेला, त्याने तेच धरलं, एक फासा टाकला, ४ पडले, म्हणे ८ घे. अर्धा तास असंच चाललं बे, शेवटी माझ्या लक्षात आलं की ह्याचं दान कधी विषम पडतच नाहीये.

डी च्या आधीचा आकडा म्हणजे फासे किती, नंतरचा म्हणजे बाजू किती, एवढं साधं आहे. २डी६ म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज. एकाच फाशाची दुप्पट केली तर २ ते १२ मधले समच आकडे येणार आणि सगळ्यांना सारखाच चान्स, ७ जन्मात येणार नाही. दोन फासे टाकले की ३६ प्रकारांनी दान पडू शकतं, त्यातल्या ६ वेळा ७ आणि १२ फक्त एकदा, म्हणजे खेळाची सगळी गंमतच बदलते की राव. १डी२०+५ मधला +५, म्हणजे पडलेल्या दानात पाच मिळवायचे, तेवढा कागदवाल्याने बरोबर सांगितलाय.

डी१०० साठी पुन्हा घोळ, त्याला २डी१० लिहिलंय. २डी१० ची बेरीज वीसच्या वर जाईल कशी? शंभरासाठी एका फाशावर ००, १०, २० असे दशक आणि दुसऱ्यावर एकक, बेरीज नाही, शेजारी शेजारी वाचायचं, आणि ०० नि ० आलं की १००. ते दोन्ही फासे सेटमध्ये आहेत आणि कागदाला त्यांचा पत्ताच नाही. ४डी६ टाकून सगळ्यात लहान सोडायचा, ह्याच्याबद्दल तर एक अक्षर नाही.

अजून एक, सातात डी६ एकच येतो. डी अँड डी मध्ये फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, ८डी६ चा असतो, एकच फासा आठ वेळा टाकत बसलो, तोही जाड चादरीवर, कारण फरशीवर आवाज होतो आणि आई उठते. खाली आजी जागीच होती, दर वेळी जिन्यातून विचारायची, "दान किती पडलं रे?"

फाशांना चार स्टार, कागदाला शून्य. दुसऱ्या दिवशी नवी पेठेत जाऊन त्याच दुकानातून सहा बाजूंचे सात सुटे फासे घेतले, त्याने पैसे घेता घेता विचारलंच, "गावला का चेंडू?"