डोमेन नवं, डेस्कटॉप तोच : युझर प्रोफाइल विझार्ड

नागपुरात बर्डीवरच्या ऑफिसात डोमेन (सगळ्या पीसींची लॉगिन एका जागून सांभाळणारं नेटवर्क) बदलायचं असेल, तर फॉरेन्सिट कंपनीचं हे टूल घ्याच. युझरचं जुनं प्रोफाइल, म्हणजे त्याचा डेस्कटॉप, फायली आणि सेटिंग्ज, ते नव्या डोमेनच्या खात्याला जोडतं. फायली कॉपी होत नाहीत. जुन्याच फोल्डरच्या आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या) परवानग्या नव्या खात्याच्या नावे होतात, म्हणून जड प्रोफाइलही पटकन उरकते. आधी लोकल अ‍ॅडमिनचा (त्या पीसीवरच्याच मुख्य खात्याचा) पासवर्ड चालतो का बघा. पीसीच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये) राउटरचा पत्ता राहिला, तर डोमेन सापडतच नाही. तिथे नव्या डोमेन कंट्रोलरचाच, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचाच, पत्ता हवा. युझर लॉगऑफ नसेल तर एनटीयूझर.डॅट ही त्याच्या सेटिंग्जची फाइल लॉक राहते. मधेच लाईन गेली तर परवानग्या अर्धवट. नागपुरी उन्हाळ्यात यूपीएसशिवाय हात लावू नका. क्रोममधले सेव्ह पासवर्ड बहुधा उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या खात्याला बांधलेली असते. आधीच एक्सपोर्ट करा. मोफत आवृत्ती एकेका मशीनवर हाताने चालवावी लागते. पन्नासेक पीसींसाठी विकतचीच बरी.