14416 वर केलेले माझे तीन फोन

परळला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. इस्पितळात माणूस ॲडमिट असलेले नातेवाईक हे आमचं निम्मं गिऱ्हाईक. सकाळी सहाला कणीक भिजते, दुपारी दोनपर्यंत तवा उतरत नाही. दोन ते साडेचार मात्र सामसूम असते. मावशी पोळपाट धुऊन घरी जातात आणि मी एकटीच स्टुलावर बसते. त्या अडीच तासांत, 15 महिन्यांत, मी फोनवरच्या रमीत 1,86,000 रुपये घालवले.

टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेबद्दल (नंबर 14416) मला लिहायचंय, पण ॲपचं आधी सांगावं लागेल, नाहीतर फोन का केला ते कळणार नाही.

रमी मला लहानपणापासून येते. गावी गणपतीत रात्री जागरणाला आम्ही पत्ते कुटायचो, पैशांच्या जागी चिंचोके. 2024 च्या गणपतीनंतर ॲप घेतलं तेव्हा 25 पैसे पॉइंटच्या टेबलावर बसायचे. मग 50 पैसे, मग रुपया, शेवटी दोन रुपये. पुरता हात हरला की 80 पॉइंट लागतात, म्हणजे 160 रुपये. आमची पोळी 8 रुपयांना. एका डावात 20 पोळ्या, आणि डाव संपायला पाच मिनिटं पुरतात. त्यात 28 टक्के जीएसटी होता. 1,000 भरले की जवळपास 219 रुपये करातच जायचे. ॲप तेवढेच पैसे बोनस म्हणून दाखवायचं, म्हणून कधी बोचलं नाही.

त्या ॲपमध्ये ‘जबाबदारीने खेळा’ नावाचं पान होतं. रोजची मर्यादा ठरवा, थोडे दिवस खातं बंद ठेवा, अशा सोयी. मी 300 रुपयांची मर्यादा लावली होती आणि ती पाळतेय असं मनापासून वाटायचं. पण कुलूप माझं आणि किल्लीही माझ्याच हातात. दोनदा बोट लावलं की 300 चे 1,000 व्हायचे. एकदा मी आठवडाभर खेळले नाही, तर ॲपवाल्यांकडून एका मुलाचा फोन आला, ‘ताई, तुमच्यासाठी 500 चा बोनस ठेवलाय.’ असा फोन करणाऱ्यांनी ते पान कोणासाठी केलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट धंदा करणाऱ्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. दुकानातला क्यूआर आणि माझं खेळायचं खातं एकच होतं. साउंडबॉक्स ‘40 रुपये प्राप्त झाले’ म्हणायचा आणि ते 40 संध्याकाळपर्यंत खात्यात टिकायचे नाहीत. गल्ल्यात रोकड असती तर डबा रिकामा झालेला हाताला कळला असता.

खोटं बोलायला सुरुवात सिलिंडरपासून झाली. महिन्याला 19 किलोचे पाच लागायचे, मी घरी सहा सांगितले. पुढे तेलाचा डबा महागला, मावशींना उचल दिली, असं रोज नवीन काहीतरी. माझे मिस्टर शाळेची बस चालवतात, कधी हिशोब मागत नाहीत. त्यांचा विश्वास होता म्हणून माझं खोटं खपत होतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ॲपने पैशांची टेबलं बंद केली. मला हायसं वाटलं, खरंच. 15 दिवसही गेले नाहीत आणि टेलिग्रामवर लिंक आली. प्ले स्टोअरवर नसलेलं ॲप उतरवून घ्यायचं, पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर पाठवायचे. मी पाठवले. ज्या दिवशी कायद्याने दार लावलं आणि मी खिडकी शोधली, त्याच दिवशी हे आजारपण आहे हे मला कळायला हवं होतं.

आमच्या 12 जणींच्या भिशीचे पैसे माझ्याकडे जमतात. प्रत्येकीचे 2,000, एकूण 24,000. डिसेंबरची भिशी 10 तारखेला एका मैत्रिणीला द्यायची होती, तिच्या मुलीची फी भरायची होती. मी 6 तारखेला ते 24,000 लावले. स्क्रीनवर 31,000 दिसत होते. काढायला गेले तर ‘आधी 6,000 टॅक्स भरा’ असा मेसेज. चार दिवस वाट बघितली, काहीच आलं नाही.

9 तारखेच्या रात्री साडेअकराला चाळीच्या गच्चीच्या जिन्यावर बसून मी 14416 लावला. नंबर इस्पितळाच्या भिंतीवर रोज दिसायचा. आधी मशीन भाषा विचारतं, मी मराठी निवडली. मग एका बाईंचा आवाज आला. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. त्या म्हणाल्या, ‘घाई नाही, मी फोनवर आहे.’ मी पाळण्यातलं नाव सांगितलं, त्यांनी पुढचं विचारलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार येतोय का?’ तसा विचार नव्हता. पण कोणीतरी ते विचारलं, याने मला पहिल्यांदा रडू आलं.

मग दोन प्रश्न. पहिल्याइतकंच वाटावं म्हणून जास्त जास्त पैसे लावावे लागले का? आणि जवळच्या माणसांशी याबद्दल खोटं बोलावं लागलं का? मला 25 पैसे ते दोन रुपये आठवले, आणि सहावा सिलिंडर. दोन्हींना हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, ‘असं कसं केलंत’ असंही म्हणाल्या नाहीत. पोलीस पकडतील का, या भीतीने मी तीन महिने गप्प होते, तेही विचारलं. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. पैसे अडकलेत ही फसवणूक आहे, त्याची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करा, म्हणाल्या. मी चार दिवस घालवले होते. तुम्ही घालवू नका, लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात.

‘आज रात्री कोणाला सांगू शकाल?’ हा त्यांचा शेवटचा प्रश्न. फोन ठेवून मी खाली गेले आणि मिस्टरांना उठवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुकानाची वही काढली, नोव्हेंबरचं पान उघडलं आणि सिलिंडरच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘पाच?’ मी म्हटलं, ‘पाच.’ त्यांनी पेनने सहा खोडून पाच लिहिलं. सकाळी त्यांनी पतपेढीतल्या ठेवीवर कर्ज काढलं आणि भिशी वेळेवर गेली.

सेवेबद्दल नेमकं सांगायचं तर ती 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. फोन फुकट, रात्रंदिवस चालू. बायको, आई, भाऊ कोणीही स्वतःच्या माणसाबद्दल विचारायला फोन करू शकतं. पैसे कोणी देत नाही, कर्ज कोणी फेडत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. गरज असली तर डॉक्टरकडे पाठवतात.

दुसरा फोन मी आठवड्याने केला, दोन ते साडेचारच्या वेळेत, कारण हात शिवशिवत होते. त्यांनी मला इस्पितळाच्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. केस पेपर काढून गेले. डॉक्टरांनी नऊ खुणांची यादी समजावली: गेलेले पैसे परत काढायला पुन्हा खेळणं, थांबवायचा प्रयत्न करून न जमणं, न खेळता चिडचिड होणं, मन उदास असलं की खेळायला जाणं, असं सगळं. वर्षभरात चार खुणा दिसल्या तर तो आजार धरतात. माझ्या सात निघाल्या. किती पैसे गेले, याची त्यात एकही खूण नाही. 500 गमावणाऱ्यालाही हा आजार असू शकतो, हे मला तिथे समजलं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून क्यूआरचं खातं बदललं. नवीन खातं माझ्या फोनवर नाही, त्याचं कार्डही नाही. पैसे काढायचे तर शाखेत जाऊन स्लिप भरायची, सही आम्हा दोघांची. दुपारी आता मी मावशींबरोबर लसूण सोलते, त्यांना त्या दोन तासांचे वेगळे पैसे देते. टेलिग्राम काढून टाकलं.

तिसरा फोन पुतणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी. हळदीच्या रात्री आमच्याकडे पत्ते निघतातच. ‘पैसे नाही, चिंचोकेच असतात, बसू का?’ असं मी विचारलं. बाईंनी उलट मलाच विचारलं, ‘पत्ते हातात आले की मनात काय येतं?’ मी खरं सांगितलं, पुढचा डाव.

हळदीला जावेने चटई टाकली, डब्यातून चिंचोके ओतले आणि हाक मारली, ‘ये गं, तुझ्याशिवाय मजा नाही.’ मी म्हटलं, ‘वहिनी, मी नाही बसत. चहा कोणाकोणाला हवाय?’ नऊ कप झाले. आलं किसायला मिस्टर आत आले.