गाडीत सॅटेलाइट रेडिओ की फोन?

अमेरिकेत नवी गाडी घेतली की सॅटेलाइट रेडिओ सुरुवातीचे काही महिने फुकट वाजतो, आणि मग पैसे भरायची पत्रं यायला लागतात. आपल्या बऱ्याच मंडळींना प्रश्न पडतो तो तेव्हा. फोन आहे, डेटा आहे, मग रेडिओला दरमहा वेगळे पैसे कशाला? याच विचाराने मीही वर्षभर तो बंद ठेवला होता.

पूर्वीची निवड वेगळी होती. बेसबॉल हवं तर एक्सएम, अमेरिकन फुटबॉल हवं तर सिरियस. जुलै २००८ मध्ये सॅटेलाइट रेडिओच्या त्या दोन कंपन्या एक झाल्या. आता उरलेत सिरियसएक्सएम आणि आपला फोन.

आवाजात फोन सरस आहे, हे आधीच सांगतो. त्या दोन कंपन्यांना २.३ गिगाहर्ट्‌झच्या आसपास प्रत्येकी रेडिओलहरींचा १२.५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मिळाला होता. तेवढ्यात शंभरावर चॅनेल कोंबायचे तर आवाज दाबावाच लागतो. 'रिअल जॅझ' माझं आवडतं चॅनेल, पण त्यावर झांजांची किणकिण थोडी चुरगळलेली येते. शिवाय उपग्रहावर मराठी चॅनेल नाही. भीमसेन जोशींचे अभंग ऐकायचे तर फोनला पर्याय नाही.

तरीही मी रेडिओ परत सुरू केला, तो आय-८० या महामार्गामुळे. मुलगी डेन्व्हरला असते. सॉल्ट लेक सिटीहून वर्षातून चार-पाच वेळा आम्ही व्हायोमिंगमधून जातो. रॉक स्प्रिंग्ज ते रॉलिन्स हे शंभराहून जास्त मैल, मधे वस्ती अगदी तुरळक. फोनची रेंज येते, जाते. गाणं थांबतं, याबद्दल माझी तक्रार नाही. डोंगर-माळात ते होणारच. मला खटकतं ते हे की रेंज परत आली तरी माझ्या फोनवर गाणं बहुतेक वेळा आपण होऊन सुरू होत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी रॉलिन्सच्या पुढे, एल्क माउंटनजवळ, तान अर्ध्यात तुटली. शेजारी बायको झोपली होती, म्हणून मीच हात लांबवला. तिथे वारा आडवा येतो, मोठमोठे ट्रक हेलकावे खातात. माझी नजर जेमतेम दोन सेकंद स्क्रीनवर होती. तेवढ्यात गाडी कडेच्या खाचांवर गेली आणि टायरखालच्या त्या घरघरीने बायको दचकून उठली. झालं काहीच नाही, पण परतीच्या प्रवासाआधी मी रेडिओचे पैसे भरले.

रेडिओही तुटतो. ग्रीन रिव्हरच्या बोगद्यात शिरलं की काही क्षणांत गप्प, पण बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात आपोआप चालू. पुलाखालून जाताना तर कळतही नाही, कारण तोच कार्यक्रम दोनदा पाठवलेला असतो, त्यातला एक काही सेकंद मागे, आणि रेडिओ त्यातून खाच भरून काढतो. त्या सगळ्या रस्त्यावर मला एकदाही हात लावावा लागला नाही.

गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, मीही ठेवतो. पण आठ तासांच्या रस्त्यावर स्वतःच निवडलेली यादी तिसऱ्या तासाला पाठ झालेली असते, आणि चालू सामना तिच्यात कुठून येणार?

माझं राज्य उघड्या आभाळाचं आहे, हेही लक्षात घ्या. ईशान्येकडे, जिथे रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडांची कमान असते, तिथे उपग्रहाचा सूर वारंवार अडखळू शकतो. रोजचं जाणं-येणं गावातच, अर्ध्या तासाचं असेल तर माझ्या मते पैसे भरू नयेत. फुकटचे महिने चालू असतील तर मात्र तुमच्या नेहमीच्या सगळ्यात लांब रस्त्यावर एकदा जाऊन या, आणि स्क्रीनकडे किती वेळा हात गेला ते बघा.

मी गावात अजूनही फोनच लावतो. आय-८० वर पार्क सिटी मागे पडली की फोन बायकोच्या पर्समध्ये जातो.