दक्षिणमुखी प्लॉट, ३० बाय ४० : घराचा प्लॅन काढून घेतला त्याबद्दल

ज्यांच्याकडून आम्ही घराचा प्लॅन काढून घेतला त्यांचं नाव लिहीत नाही. कौतुक करायचंय तसं दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवायचंय, आणि औशासारख्या गावात माणूस बाजाराच्या दिवशी समोर येतोच. लातूरला त्यांचं ऑफिस आहे, जिना चढून वर, एक मोठं टेबल आणि चार खुर्च्या. फी ३२ हजार. त्यात प्लॅन, परवानगीचे कागद, आरसीसीची ड्रॉइंगं आणि कामावर तीन फेऱ्या. चौथ्या फेरीपासून ५०० रुपये. घरात राहायला येऊन आता सव्वा वर्ष झालं, म्हणून लिहायला बसले. वास्तुशांतीच्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं गोडच लिहिलं असतं.

मी अठरा वर्षं ब्लाऊज शिवते. गळ्यात टेप असतो, त्यामुळे मापाच्या बाबतीत मला गंडवणं अवघड. तरी आधी गंडलेच. आमच्या ह्यांनी मोबाइलवरून ४९९ रुपयांत तयार प्लॅन घेतला होता. रंगीत, सोफ्यासकट, कुंड्यांसकट. बेडरूम १० बाय १०. मी पेन्सिल घेऊन बसले तेव्हा कळलं, हे माप भिंती धरून. एका बाजूला नऊ इंची भिंत, दुसऱ्या बाजूला साडेचार इंची, वर दोन्हीकडचा गिलावा. आत उरले पावणेनऊ फूट. पलंग साडेसहा फुटांचा, लग्नातलं लोखंडी कपाट दोन फूट खोल. मधे उरले तीन इंच. कपाटाचं दार उघडायचं कुठं? शिवणीचं मार्जिन न धरता कापड कापलं तर ब्लाऊज अंगात शिरत नाही, तसलं काम. शिवाय तीन संडास-बाथरूम, पण ज्वारीची पोती ठेवायला हातभर जागा नाही आणि माझ्या मशीनला तर नाहीच.

प्लॅन काढणाऱ्या साहेबांनी तो कागद पाहिला, घडी घातली आणि परत दिला. काही बोलले नाहीत. मग विचारत सुटले. शेतातून वर्षाला धान्य किती येतं? गाडी एक का दोन? पाहुणे मुक्कामी किती दिवस असतात? भांडी बसून घासता का उभ्यानं? आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना म्हणाले, ‘‘आजी, रात्री किती वेळा उठता?’’ आत्याबाई आधी लाजल्या. मग म्हणाल्या, ‘‘तीनदा तरी उठते की. अन् गुडगं लई दुखतेत.’’ ते त्यांनी लिहून घेतलं. पहिली बैठक दोन तास चालली आणि कागदावर एक रेघ नाही. आमचे हे गाडीवर बसताना म्हणाले, पैसे वाया. मला मात्र बरं वाटलं. गिऱ्हाईक आल्यावर मीसुद्धा आधी कापड कापत नाही.

पुढच्या रविवारी ते प्लॉटवर आले आणि फक्कीचं, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीचं पोतं मागितलं. अख्खं घर जमिनीवर मापात आखलं, दारं मोकळी सोडून. मग म्हणाले, आता राहून बघा. आम्ही बाज आणून आत्याबाईंच्या खोलीत टाकली, माझं मशीन आणून माझ्या खोलीत ठेवलं. आत्याबाई बाजेवरून उठून फक्कीच्या संडासापर्यंत चालत गेल्या. एकवीस पावलं, मधे हॉल ओलांडून. रस्त्यानं जाणारा एक जण थांबला, ‘‘काय मोजायलाव?’’ साहेबांनी तिथंच पायानं फक्की पुसली आणि न्हाणी-संडास त्यांच्या खोलीला लागून घेतलं. आता नऊ पावलं होतात. त्या दाराला नेहमीच्या अडीच फुटांऐवजी तीन फूट रुंदी धरली, उंबरा काढला, उतार फक्त आतल्या जाळीकडे ठेवला. पुढंमागं वॉकर लागला तरी अडायचं नाही. माझ्या मते ३२ हजारांतले वीस हजार त्या एका सकाळीच वसूल झाले.

आता दिशांचं. दक्षिणमुखी प्लॉट आमच्याकडं कोणी लवकर घेत नाही, म्हणूनच तो आमच्या ऐपतीत बसला. भावकीतल्या एकानं तर तोंडावर सांगितलं की यमाच्या दारात घर बांधताय. साहेब वास्तूला हसत नाहीत, पण घाबरतही नाहीत. म्हणाले, आपल्याकडं घर तापतं ते पश्चिमेच्या उन्हानं. मेच्या मध्यावर लातूरला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडंच असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि थंडीत सूर्य खाली उतरला की तेच ऊन खिडकीतून आत येतं. मला खरं वाटलं नव्हतं. मेमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमाराला गेटच्या खांबाजवळ उभी राहून बघितलं तर खांबाची सावली खांबाच्याच बुडाशी.

म्हणून जिना, न्हाणी, संडास सगळं पश्चिमेच्या भिंतीला लावलं. तापायचं ते जिन्यानं तापावं. स्वयंपाकघर आग्नेयेला, म्हणजे आमच्याकडं पुढं रस्त्यावर. ओट्याशी उभं राहून भाजीवालीला हाक मारता येते, हा फायदा कागदावर कुठंच दिसला नव्हता.

नैऋत्येवरून मात्र जुंपली. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं, तिथं घरधन्याची खोली पाहिजे. मला तिथं शिवणाची खोली हवी होती, रस्त्याकडं वेगळं दार असलेली, म्हणजे गिऱ्हाईक बायांना आमच्या हॉलमधून, मामांच्या समोरून जावं लागू नये. साहेब मामांना म्हणाले, ‘‘नैऋत्येला घर चालवणारा पाहिजे ना? मग मशीन चालवणारी बसू द्या की.’’ मामा हसले आणि तंबाखूची पुडी काढली. तिथंच ठरलं.

पाण्याची टाकी ईशान्येला हा आत्याबाईंचा हट्ट. ईशान्य म्हणजे आमच्या घराची मागची बाजू, आणि नळ न् टँकर दोन्ही पुढून. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही औशात घागरी घेऊन टँकरमागं पळालोय. त्यामुळं हौद मोठा पाहिजे यावर घरात एकमत होतं. साहेबांनी मागं ५ फूट रुंद, १२ फूट लांब, ६ फूट खोल हौद दिला, दहा हजार लिटरला थोडा जास्तच. गेटपासून तिथपर्यंत पूर्वेच्या बोळातून जमिनीखालून पाइप टाकला आणि त्याचं तोंड गेटाजवळ वर काढलं. टँकरवाला तिथंच नळी लावतो, घरात चिखल नाही. सेप्टिक टँक दुसऱ्या टोकाला, वायव्येला. देवही खूश, टँकरवालाही खूश.

एका बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत. मिस्त्री म्हणाला, हॉलमधला कॉलम दीड फूट सरकवू, सोफा नीट बसेल. साहेब म्हणाले, सरकवायचा असेल तर माझं ड्रॉइंग परत द्या. वरच्या मजल्याची भिंत खालच्या बीमवरच आली पाहिजे, कॉलमवर कॉलम आला पाहिजे. रेघ ओढायच्या आधीच त्यांनी प्लॉटवर खड्डा घेऊन बघितला होता. काळी माती सहा फूट, मग मुरूम. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया ठेवायचा नाही.

मी त्यांच्याच बाजूनं बोलले. माझं माहेर किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत जमीन हलली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, मातीत रचलेल्या दगडी भिंती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची आणि ओझं वर्षावर्षानं वाढत जायचं. त्या घराबद्दल इथं जास्त लिहीत नाही. त्याआधी हा भाग नकाशावर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन १ मध्ये होता. पुढं झोन ३ झाला. नंतर पुनर्वसनाच्या वस्त्या झाल्या, रुंद रस्ते, एकसारखी घरं. जनावरं कुठं बांधणार, कणगी कुठं ठेवणार हे आमच्या आजीला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. वर्षभरात ज्याच्या त्याच्या दारापुढं पत्र्याचं शेड उभं राहिलं. साहेबांनी पोत्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, तो मला कुठं जाऊन लागला हे त्यांना ठाऊक नसणार. धान्याला त्यांनी जिन्याखालची जागा दिली. जमिनीपासून नऊ इंच वर शहाबादी फरशीचा कट्टा, दहा पोती बसतात, ओल लागत नाही.

जिन्याचं सांगायचं राहिलं. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १२६ इंच. त्यांनी १८ पायऱ्या काढल्या, प्रत्येकी सात इंच. मी म्हटलं, चढ कमी करा. ‘‘करतो ताई, वीस पायऱ्या होतील, सव्वासहा इंचाला जरा जास्त. पण दोन पायऱ्यांचे वीस इंच तुमच्या शिवणाच्या खोलीतून जातील.’’ मी सात इंचच ठेवले. आता वाळवणाची परात घेऊन गच्चीवर जाताना रोज त्याचा विचार करते.

तक्रारी. पहिली आणि मोठी. अख्ख्या घराला पश्चिमेपासून वाचवलं आणि माझ्या खोलीला पश्चिमेलाच चार फुटांची खिडकी दिली, हवा खेळावी म्हणून. हवा खेळते. मार्च ते जून दुपारी दोनपासून ऊनही मशीनवरच खेळतं. लगीनसराईत मी तिथं ओलं गोणपाट टांगून बसते आणि हिरवा दोरा कुठला, मोरपंखी कुठला हे अंधारात ओळखते. बाहेरून उभ्या पट्ट्या नाहीतर बाजूचा आडोसा काढला असता तर भागलं असतं. हे मला शिंपिणीला आता कळतंय, त्यांना तेव्हा कळायला हवं होतं.

दुसरी, मोरी. स्वयंपाकघर पुढं गेल्यामुळं भांड्यांची मोरी पूर्वेच्या बोळात आली, तीन फुटांची. घमेलं ठेवलं की माणूस बसत नाही, माणूस बसला की घमेलं बसत नाही. ‘‘बसून घासता का?’’ हे त्यांनी स्वतः विचारलं होतं, उत्तरही लिहून घेतलं होतं. मग ते गेलं कुठं?

तिसरी, लाइटचं ड्रॉइंग उशिरा आलं. तोवर वायरमननं आपल्या अंदाजानं पाइप टाकले. इस्त्रीचा मोठा प्लग दाराच्या मागं आलाय. दार लावल्याशिवाय इस्त्री नाही, आणि दार लावलं की गिऱ्हाईक समजतं दुकान बंद.

फोन ते संध्याकाळी सातनंतरच उचलतात, हे आधी सांगतात, त्यामुळं तक्रारीत धरत नाही.

पाचापैकी चार देते. गेलेला एक खिडकीचा. धाकट्या जावेचं घर येत्या दिवाळीनंतर काढायचंय, प्लॅन त्यांच्याकडंच दिलाय. बैठकीला मीही जाणार आहे, मोरीला साडेचार फूट लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. आणि माझ्या खिडकीचं विचारलं तर म्हणाले, शनिवारी येऊन बघतो. ५०० रुपये घेणार का, ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांच्या मंडळींचे दोन ब्लाऊज माझ्याकडं शिवायला पडलेत.