डेक्स्ड: डीएक्स ७ चे आवाज संगणकावर घडवताना (वापरानंतरचा अनुभव)

यामाहाचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्य) आला १९८३ साली. सहा ऑपरेटर (साइन लहर काढणारे भाग), ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या पद्धती), आणि हे सगळं हाताळायला दोन ओळींची खिडकी व एक स्लाइडर. बहुतेक वादकांनी तयार आवाजांवरच भागवलं, यात नवल नाही. डेक्स्ड हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तेच सहा ऑपरेटर एन्व्हलपच्या (आवाज वेळेनुसार कसा चढतो-विझतो त्याच्या) आकृतींसह एका पडद्यावर मांडतं. प्लगइन म्हणून चालतं, स्वतंत्रही चालतं. काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत असं: आवाज घडवायला उत्तम, पण इथे घडवलेला आवाज खऱ्या वाद्यात जसाच्या तसा उतरेल असं धरून चालू नका.

सुरुवात नेहमी इनिटपासून, म्हणजे कोऱ्या आवाजापासून करा. फक्त पहिला ऑपरेटर ९९ वर असतो, बाकी शून्यावर, म्हणजे कानावर निव्वळ साइन येतो. इलेक्ट्रिक पियानोसाठी अल्गोरिदम ५ घ्या. त्यात १, ३, ५ हे कॅरिअर (ज्यांचा आवाज ऐकू येतो ते) आणि २, ४, ६ त्यांचे मॉड्युलेटर (कॅरिअरचा पोत बदलणारे). आधी ३-४ ची जोडी: दोघांचा रेशो (वारंवारता सुराच्या किती पट ते) १, तीनची लेव्हल ९९, चारची ८० च्या आसपास. हे झालं आवाजाचं अंग. मग १-२: दोनचा रेशो १४, लेव्हल ५५ ते ६०, आणि त्याचा एन्व्हलप कॅरिअरपेक्षा लवकर विझणारा. कळ दाबताक्षणी येणारी टिणकार इथूनच येते. एन्व्हलपच्या रेटमध्ये ९९ म्हणजे सर्वांत वेगवान. पहिल्या दिवशी सगळे इथे उलटं समजतात. पाच-सहाची जोडी एकला एकच ठेवून पाचचा डिट्यून (सुरातला बारीक फरक) थोडा हलवा, आवाजाला जाडी येते.

एकेक ऑपरेटर बंद-चालू करून ऐकायची सोय हेच डेक्स्डचं खरं बळ. कर्कशपणा कुठून येतोय ते कानाने लगेच पकडता येतं. मॉड्युलेटरची लेव्हल मात्र जपून हलवा. वरच्या टप्प्यात ८ अंक म्हणजे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे मॉड्युलेशन दुप्पट. ७० वर गोड असलेला आवाज ८५ वर पत्र्यासारखा होतो तो यामुळे. व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी कॅरिअरला दिली तर जोरात वाजवल्यावर आवाज फक्त मोठा होतो, मॉड्युलेटरला दिली तर उजळतो. पियानोला दुसरी हवी. दोन नंबरला ६ किंवा ७ द्या.

वरच्या सप्तकात आवाज चिरकत असेल तर लेव्हल कमी करू नका, खालच्या पट्ट्या निर्जीव होतील. त्या मॉड्युलेटरचा ब्रेक पॉइंट (जिथून लेव्हल बदलू लागते ती कळ) मधल्या सी (C) च्या जवळ ठेवून उजवी डेप्थ (त्यावरच्या कळांसाठीचा बदल) वाढवा, कर्व्ह वजा लिनियर, म्हणजे सरळ रेषेत उतरणारा. आणि कळ सोडल्यावरही सूर थांबत नसेल तर कुठल्यातरी कॅरिअरच्या एन्व्हलपची चौथी (शेवटची) लेव्हल शून्यावर नाही, एवढं तपासा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. डेक्स्डच्या फिल्टरचे कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब मोहात पाडतात, पण डीएक्स ७ मध्ये फिल्टर नव्हताच. सिसेक्स फाइलमध्ये (आवाज वाद्यात पाठवायची मिडी संदेशाची फाइल) ती सेटिंग जात नाही आणि वाद्यावर तोच आवाज बोचरा लागतो. फिल्टर पूर्ण उघडाच ठेवून काम करा. पिच बेंडची मर्यादा आणि मॉड्युलेशन व्हीलची नेमणूकही व्हॉइसमध्ये (एका आवाजाच्या नोंदीत) साठत नाही. डेक्स्डमध्ये आवाज तयार करणारी इंजिन तीन आहेत: मॉडर्न स्वच्छ, मार्क वन जुन्या वाद्याची खरखर धरणारं, आणि ओपीएल (यामाहाच्या त्या नावाच्या ध्वनी-चिपसारखं). वाद्यात पाठवायचा आवाज मार्क वनवरच पारखा. स्टोअर न करता दुसरा प्रोग्रॅम निवडला तर केलेले बदल गेले. नावाला अक्षरं दहाच मिळतात.

आवाज वाद्यात पाठवताना अडचण बहुधा केबलची असते. ३२ आवाजांची बँक ४,१०४ बाइटची. स्वस्त यूएसबी-मिडी केबली एवढा लांब संदेश मध्येच तोडतात आणि वाद्य तो निमूटपणे टाकून देतं. त्याआधी वाद्यावर मेमरी प्रोटेक्ट बंद आणि 'सिस इन्फो अव्हेल' (सिसेक्स संदेश घेण्याची सेटिंग) चालू आहे ना, ते बघा. बँक अडत असेल तर एकच व्हॉइस पाठवून पाहा: तो संदेश १६३ बाइटचा. तो पोचला आणि बँक पोचली नाही, तर केबल बदला.